न उडणाऱ्या दोन फटाकड्या

प्रिय ताई,

प्रिय तू अजूनही आहेस, हे आधीच लिहून ठेवते. कारण सध्या आपल्या घरात तुझ्यासाठी जी विशेषणं चालू आहेत, त्यांत हे एक सोडून बाकी सगळी आहेत. 'हट्टी' हे त्यातलं सगळ्यात सौम्य. आईच्या मते तुझं डोकं फिरलंय, दाजींच्या मते ते कुणीतरी फिरवलंय, आणि 'कुणीतरी' म्हणताना ते माझ्याकडे बघतात. मी फिरवलं असतं तर वीस वर्षांपूर्वीच फिरवलं असतं, एवढी तरी कुवत त्यांनी माझ्यात बघावी. तर सांगायचं असं, की तुला परत आणायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली आहे. त्या परक्या गावात, मैत्रिणीच्या शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत तू एकटी राहतेस, ते तुला झेपणार नाही, आजारी पडशील, फसशील, आणि तू ऐकलंस तर माझंच ऐकशील, असं सर्वानुमते ठरलं. आईने पलंगावर बसून पत्राचा मजकूर सांगितला आणि मी मान डोलावत तो उतरवून घेतला. मान डोलावण्यात आपण दोघी लहानपणापासून पटाईत. ते पत्र तुला वेगळ्या पाकिटात मिळेल. त्यातला कळवळा आईचा, अक्षर फक्त माझं.

हे पत्र माझं. पण हेही सरळ मुद्द्यावर येणार नाही, कारण घरी जे काम दिलंय, अगदी तेच ऑफिसातही दिलं होतं आणि माझ्या डोक्यात दोन्हींचा गुंता झालाय. तो सोडवायला माझ्याकडे तुझ्याशिवाय कुणी नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू नुसता हुंकार देतेस आणि मी विनोद करत सुटते, आणि ठेवल्यावर कळतं की कुणीच काही बोललं नाही.

माझं काम मी तुला कधी धड सांगितलं नाही. कुणी विचारलं की 'कोंबड्या सांभाळते' म्हणायचे, आणि दाजी सगळ्यांत मोठ्याने हसायचे. त्या कोंबड्या नव्हेत गं. पाणकोंबडीच्या गोतावळ्यातल्या आहेत, फटाकड्या म्हणतात त्यांना. हो, फटाकडीच. बाबांनी माझ्या जिभेवरून मला ठेवलेलं नाव आणि मी पोटासाठी धरलेला पक्षी एकच निघाला. इतका भित्रा पक्षी की आयुष्यभर या गवतातून त्या गवतात पळतो, आणि नाव काय, तर फटाकडी. घरातही तेच. तोंडाचा पट्टा चालवणारी मी, म्हणून फटाकडी मी. आणि एक शब्द न बोलता घराबाहेर पडलीस तू. नावं ठेवणाऱ्यांचा नेम कधी लागलाय?

दुर्मिळ पक्षी जगवायच्या आमच्या केंद्रात यांच्या दोन जाती आहेत, दोन निरनिराळ्या बेटांवरच्या. कागदावर त्यांची लांबलचक नावं आहेत. आम्ही आपसात मोठीला थोरली म्हणतो, लहानीला धाकटी. दोघींच्या छाती-पोटावर काळे-पांढरे आडवे पट्टे, त्यामुळे पाहुण्यांना त्या बहिणीच वाटतात. थोरलीची चोच आणि पाय लालभडक, आपण होऊन कधीच नटणार नाही अशा बाईला कुणीतरी बळेच नटवल्यासारखे. धाकटी मातकट, डोळ्यांवर राखाडी भुवई, कायम कशावर तरी रुसलेली. दोघींचे पूर्वज कधीकाळी उडतच आपापल्या बेटावर पोचले असणार. पोचल्यावर बघतात तो खायला जमिनीवरच भरपूर आणि मागे लागणारं कुणी नाही. उडणं फार महाग असतं ताई. छातीवर मोठाले स्नायू पोसावे लागतात, त्यांना धरून ठेवायला छातीच्या हाडावर उभा कंगोरा लागतो. गरज संपली की शरीर पिढ्यान्‌पिढ्या एकेक सामान कमी करत जातं. पंख राहतात, पण शोभेला. कायम नोकरीत आमच्या साहेबांच्या बुद्धीचं झालं तसं.

इथवर दोघी सारख्या. फरक पुढे आहे. धाकटीच्या बेटावर माणसांच्या सामानातून साप उतरले. झाडावर चढणारे, रात्री हिंडणारे. आधी अंडी गेली, मग पिल्लं, आणि बघता बघता रानात एकही उरली नाही. शेवटच्या मूठभर फटाकड्या माणसांनी वेळीच पकडून आणल्या म्हणून आज तिची जात आहे. ती उडाली नाही कारण तिला उडता येतच नव्हतं. थोरलीच्या बेटावर साप आधीपासूनच होते. त्यामुळे असेल, पण तिची एक खोड टिकली. दिवस मावळला की ती वाकड्या खोडावरून चालत, धडपडत, पंख फडफडवत झाडावर जाऊन झोपते. तिच्यावर संकट आलं ते वेगळंच. सापांचा बंदोबस्त करायचा म्हणून शहाण्यांनी बेटावर मुंगसं आणून सोडली. मुंगूस हिंडणार दिवसा, साप रात्री. त्यांची गाठ पडेना, आणि मुंगसांनी ज्यांच्याशी गाठ पडली त्यांना खाल्लं. कुणाच्या तरी भल्यासाठी म्हणून जे जे आणलं जातं त्याबद्दल माझं काय मत आहे, ते इथे लिहीत नाही. दाजींचं स्थळ कुणी आणि का आणलं होतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

तर साहेबांना आता जागा कमी पडते आहे. दोघींपैकी एक जात दुसऱ्या संस्थेला द्यायची आहे, आणि कोणती ठेवावी हे ठरवायला मी दोघींची तुलना करून एक पान द्यावं, असा हुकूम होता. मी लिहायला बसायचे आणि मला आईचा आवाज ऐकू यायचा. आपलं सगळं बालपण या डाव्या-उजव्यात गेलं. थोरली बघा, एका जागी बसवली की उठायची नाही. धाकटी बघा, पायाला भिंगरी आणि जिभेला धार. पाहुण्यांसमोर हे म्हटलं जायचं, तू खाली मान घालून हसायचीस आणि मला वाटायचं तुझं कौतुक चाललंय. तुलाही तसंच वाटायचं का? एका जागी बसणं हा गुण आहे असं इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलं, की तो तुझा स्वभाव आहे की तुला लावलेली सवय, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही.

आमच्या जुन्या फाईलमध्ये 'उड्डाण' असं एक सदर आहे. दोघींच्या नावापुढे कुणीतरी तेच दोन शब्द लिहून ठेवलेत: उडत नाही. आता 'उडत नाही' आणि 'उडता येत नाही' यांत किती अंतर आहे हे मराठी कळणाऱ्या माणसाला सांगावं लागू नये, पण साहेबांना सांगावं लागलं आणि सांगूनही उपयोग झाला नाही. थोरल्यांसाठी नवा पिंजरा बांधला तेव्हा मी म्हटलं, वरून जाळी घाला. साहेबांनी फाईल उघडून त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. जाळी आली नाही. आत सावलीला म्हणून एक झाड मात्र ठेवलं. पुढे काय झालं ते तू ओळखलंच असशील. एक मादी झाडावर चढली, फांदीच्या टोकाला गेली, आणि पंख झोडपत कुंपणापलीकडे पडली. डौल वगैरे काही नव्हता. दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या बाईने धावती बस पकडावी, तसा प्रकार. पण पलीकडे पडली ती पडलीच. बांधकामवाला इंजिनिअर आला, त्याने कुंपण पाहिलं, भोक नाही, उकरलेलं नाही, आणि शांतपणे म्हणाला, "फाईलप्रमाणे पक्षी आतच आहे."

हसू नकोस. तू गेल्यावर दाजींनी पंधरवडाभर हेच केलं. विचारणाऱ्याला सांगायचे, ती माहेरी गेलीय, आईची तब्येत जरा नरम असते ना. त्यांच्या फाईलप्रमाणे तू आतच होतीस.

तू मला कारण एकदाच सांगितलंस, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. मी ते घरात सांगितलं आणि अजून कुणाला पचलेलं नाही. लग्न झाल्यापासून त्या घराची किल्ली तुझ्याकडे नव्हती. दाजींकडे एक, चिरंजीव मोठे झाल्यावर त्यांना एक, आणि तुला कशाला, तू तर घरातच असतेस. वाऱ्याने दार मागे लागलं की तू जिन्यात बसून राहायचीस, कुणीतरी घरी येईपर्यंत. शेजारीण चहा द्यायची. वर्षानुवर्षं. मग एके दुपारी केराचा डबा ठेवायला बाहेर आलीस, दार लागलं, तू नेहमीच्या पायरीवर बसलीस, आणि थोड्या वेळाने उठून चालू लागलीस. आई म्हणते, मारलं नाही, शिवी दिली नाही, कसलं व्यसन नाही, किल्लीसाठी कुणी घर सोडतं का? दाजी म्हणाले, मागितली असती तर दिली नसती का? मी म्हटलं, मग आत्ता द्या, मी पोचवते. तर म्हणतात, आता ती घरात नाही, आता काय उपयोग.

तू बरोबर केलंस असं मी अजून छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आणि तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहिते. आमची मादी बाहेर होती तेव्हा माझ्या जिवाला घोर होता. आवारामागे नाल्याकाठी झुडपं आहेत, तिथे मांजरं आहेत, कुत्री आहेत. सकाळी गेले की आधी पिसं पडलीत का ते बघायची, मग तिला. ती झुडपाच्या वरच्या फांदीत झोपायची, चिखल टोचायची, बारीक झाली होती. सुखात होती असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. सुरक्षित तर नव्हतीच. तुलाही मागच्या फोनवर खोकला होता आणि तू तो हाताने दाबत होतीस, हे मला कळलं. त्या खोलीत ओल आहे का? तू विचारूनही सांगणार नाहीस. पण त्याच फोनवर तू आपण होऊन, कुणी न विचारता, एक गोष्ट सांगितलीस: "दोन किल्ल्या दिल्यात गं मला. दोन." मी इतकी वर्षं तुझ्या तोंडून 'मला' हा शब्द इतक्या ठसक्यात ऐकला नव्हता. तेव्हापासून काळजी आणि आनंद दोन्ही एकाच ताटात वाढल्यासारखं झालंय, आणि मला दोन्ही नीट गिळता येत नाहीत.

आता मादी परत कशी आणली ते सांगते. तपासणीला वरून माणसं येणार होती आणि साहेबांना पक्षी फाईलप्रमाणे आत हवा होता. झुडपांत पकडायची जाळी लावून झाली, दाणे टाकून झाले, ती हुलकावणी द्यायची. मग शेवटचा उपाय. हे पक्षी जोडीने ओरडतात. एकाने हाक सुरू केली की दुसरा ती पुरी करतो. तिच्या नराचा आवाज आमच्याकडे ध्वनिमुद्रित होता. तो एका खोक्यातून वाजवायचं ठरलं, आणि ती माझ्या हातून खायची म्हणून खोकं माझ्या हाती दिलं. भर दुपारी मी झुडपांपाशी ते जमिनीवर ठेवून मागे बसले. दुसऱ्याच हाकेला ती बाहेर आली. धावत आली, ताई. जाळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोक्यासमोर उभी राहिली, ऐकलं, उत्तर दिलं, आणि मग खोक्याला वळसा घालून मागे गेली, तो मागे आहे का ते बघायला. तिथे मी होते. तिला धरलं तेव्हा तिचं काळीज माझ्या बोटांवर आपटत होतं. तपासणी उत्तम झाली. आता ती वरून जाळी घातलेल्या पिंजऱ्यात आहे, आणि शेजारीच तिचा नर, खराखुरा, दिवसभर हाका मारतो. ती उत्तर देत नाही. मान वर करते आणि पुन्हा दाणे टिपायला लागते. त्या एका दुपारनंतर तिने एकदाही उत्तर दिलेलं नाही.

तुलनेचं पान काल देऊन टाकलं. कोणती ठेवावी हे लिहिलंच नाही. एवढंच लिहिलं, की एकीला उडता येत नाही, दुसरी वेळ आल्याशिवाय उडत नाही, आणि फाईलमधल्या दोन शब्दांत दोघींचीही माहिती नाही. साहेब म्हणाले, बाई, यातून निर्णय कसा घ्यायचा? मी म्हटलं, घेऊ नका. ते थोरलीलाच पाठवतील. पळणारी जात कुणाला हवी असते?

आता हे पत्र का लिहिलं ते. आईने सांगितलेल्या पत्राने तू येणार नाहीस, हे आईलाही माहीत आहे. म्हणून पुढचं ठरलंय. येत्या रविवारी चहा झाल्यावर सगळे आपल्याकडे जमणार, फोन मोठ्या आवाजावर ठेवणार, आणि मी तुला सांगायचं की आई अत्यवस्थ आहे, असशील तशी नीघ. ही कल्पना खुद्द आईची. काल आजार निवडणं चाललं होतं. हृदयाचा नको, तू दवाखान्याचं नाव विचारशील. पोटाचा नको, त्यात गांभीर्य नाही. शेवटी 'डॉक्टरांनाच कळत नाहीये' यावर एकमत झालं, आणि खोल आवाजात कण्हण्याची तालीम करताना तिला इतका जोर चढला की शेजारचे विचारायला आले. आई ठणठणीत आहे. मी नाही म्हणणार होते. पण चिरंजीव म्हणाले, मावशी नाही म्हणत असेल तर मी करतो, आणि त्याचा चेहरा बघून मला कळलं की तो फोनवर खरंच रडेल, कारण तुझ्यावाचून तो खरंच कासावीस झालाय, आणि त्या आवाजावर तू अनवाणी निघशील. म्हणून मी म्हटलं, द्या, मीच करते. रविवारी मी रडेन, चांगलं रडेन, 'ताई, ये गं' म्हणेन. तू 'निघते' म्हण आणि निघू नकोस. एवढं जमेल. मला खाऊन टाकतंय ते याच्या पुढचं. आई म्हातारी आहे. हे सगळं एक दिवस खरं होणार, तेव्हाही फोन मीच करणार, हाच आवाज असेल, हेच शब्द असतील, आणि तू मान वर करून पुन्हा शिवणात घालशील. त्या दिवसासाठी आपल्याला दोघींपुरती खूण हवी, आणि खूप विचार करून मला एकच सुचली. आजवर मी तुला कधी नावाने हाक मारलेली नाही. मारली असती तर आईने थोबाड रंगवलं असतं, आणि आता या वयात, इथे लिहितानाही हात धजत नाही. खरं असेल त्या दिवशी मी तुला ताई म्हणणार नाही. फोनवर माझ्या तोंडून तुझं नाव आलं, की ये. आल्यावर पुन्हा तुझ्या खोलीकडे जाऊ द्यायची जबाबदारी माझी.

तुझीच,
फटाकडी